दोन बोटांची फट

एक बोट

मामांनी उजव्या हाताचं पहिलं बोट टायर आणि फ्रेमच्या मधे घातलं, चाक हळूच फिरवलं आणि बोट न काढता माझ्याकडं बघितलं.

"एक बोट जातंय. बास झालं."

"कुणाचं बोट, मामा?" मी विचारलं.

लिंबाजीकाका हसले. ते रोज सकाळी आमच्या दुकानात यायचे आणि ऐरणीच्या खोडाला टेकून बसायचे. त्यांच्या सायकलीत कधीच बिघाड नसायचा. "बरोबर हाय पोरीचं," ते म्हणाले. "तुळशीराम, तुझं बोट घासून घासून खिळ्याएवढं ऱ्हायलंय. थांब, माझं घालून बघू."

त्यांचं बोट गेलं नाही.

"तुझी बोटं फुकटचा चहा पिऊन सुजल्यात," मामा म्हणाले.

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. तुळशीराम पांचाळ, टाकळीचे लोहार. बैलगाड्या कमी झाल्या तशी त्यांनी भात्याशेजारी हवा भरायचा पंप आणून ठेवला आणि सायकली धरल्या. त्या दिवशी शिकंज्यात आवळून ठेवलेली लेडीज सायकल माझी होती. माहेरहून टेम्पोत माझ्याबरोबर आलेली. सासरी आल्यावर तिच्यावर मी कमी आणि गव्हाची पोती जास्त बसली, आणि पायडलच्या मागे, जिथून दोन नळ्या मागच्या चाकाकडं जातात, तिथं एका नळीला तडा गेला.

"चिखलात अडकंल, मामा. आजून थोडी फट ठेवा."

"फट ठेवायची म्हणजे काय? फट म्हणजे कामात खोट."

"सोमवारी मला जायचंय."

"जा की," मामा म्हणाले आणि बोट फडक्याला पुसलं. "कोण नको म्हणतंय?"

कोण नको म्हणतंय

कुणीच नाही. हेच तर.

त्या घरात मला कुणी कधी नाही म्हणालं नाही. पंचमीला माहेरी जायचं म्हटलं, की जा की, आत्याचं गुडघं तेवढं उतरू दे. गावात शिवणाचा वर्ग निघाला. जा की, एवढी ज्वारी निवडून होऊ दे. आत्या म्हणजे माझी सासू. तिचे गुडघे उतरले नाहीत. ज्वारी संपली नाही, कारण ज्वारी संपत नसते.

माझ्या माहेरी वडील सरळ नाही म्हणायचे. मग मी रडायचे, आई मधे पडायची, एक ताट आपटलं जायचं आणि दिवस मावळेपर्यंत नाहीचं हो झालेलं असायचं. नाहीशी भांडता येतं. इथं भांडायला समोर कुणी उभंच राहत नव्हतं.

"आमच्यात सुनंला कुणी अडवत न्हाई बाई," आत्या शेजारणींना सांगायची. ती खोटं बोलत नव्हती.

माळवस्तीच्या अंगणवाडीवर सेविका म्हणून माझी निवड झाली, तेव्हा मी पुण्याला फोन लावला. माझा नवरा गंगाधर तिथं ग्रिलच्या कारखान्यात होता. तो म्हणाला, "माझी काई ना न्हाई. आप्पाला इचार."

आप्पा, म्हणजे मामा, म्हणाले, "चांगलंच हाय की. सायकल तेवढी नीट होऊ दे."

म्हणजे नाही म्हणायचं काम या खेपेला सायकलीकडं आलं होतं.

माळवस्ती आमच्याच ग्रामपंचायतीत, पण पाटाच्या पलीकडं. चालत जाऊन, मुलांचं करून, चालत येऊन मग घरच्या भाकरी थापायच्या, हे जमणारं नव्हतं. आधीची सेविका ह्याच पायपिटीनं दांड्या मारून मारून गेली होती. मुख्यसेविका सोळंकेबाईंनी मला निवडतानाच सांगितलं, "मला शिकलेली नको, रोज येणारी पाहिजे. येशील?"

मी येईन म्हणाले. त्या घरात आल्यापासून मी एकटीनं दिलेला तो पहिला होकार.

डाग

हे बोट घालून बघायच्या आदल्या दिवशी तड्याला पितळेचा डाग द्यायचा होता, म्हणजे पितळ वितळवून तो सांधायचा होता. भात्याचं चाक मी फिरवत होते. मामांनी तड्यावर टाकणखार भुरभुरला, तो फसफसून पाण्यासारखा झाला. नळी आधी काळी, मग जांभळी, मग लाल झाली.

"आता बघ. पितळ आपल्या पायानं जातं. जिथं ऊन लागलं तिकडं पळतं," मामा म्हणाले. काम करताना त्यांचा आवाज फार मऊ व्हायचा. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, हेही इथंच सांगून ठेवते.

पितळेची कांडी त्यांनी चिमट्यात उचलली आणि थांबले.

"आत जा. आत्या बोलावतीया."

मला काही ऐकू आलं नव्हतं. पण भात्याच्या आवाजात काय ऐकू येणार? मी गेले. आत्या सुपात लसूण घेऊन बसली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "आलीस का? बस, एवढा लसूण सोल."

मी सोलला. बाहेर भात्याचं चाक फिरत राहिलं. एका हातानं ते फिरवायचं आणि दुसऱ्यानं डाग द्यायचा, मामांना सवय होती. बाहेर आले तेव्हा फ्रेम राखेत निवत ठेवली होती आणि मामा लिंबाजीकाकांना त्यांच्या बापाची गोष्ट सांगत होते. ती गोष्ट गावातल्या कुत्र्यांनाही पाठ होती.

धाव म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवायचा लोखंडी पट्टा. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, चौघांनी सांडशींनी उचलून चाकावर बसवायची आणि वरून घागरी ओतायच्या. निवता निवता लोखंड आवळतं. लाकूड कण्हतं.

"माझ्या बापानं धाव चढवली की मधी इड्याचं पान जात नव्हतं," मामा म्हणाले. "पंचक्रोशीतले सुतार पान घेऊन यायचे तपासायला. पान चुरगळायचं, पर जायचं न्हाई. लोहार कुणी का असंना, फट ठिवली की तो लोहार न्हाई."

माझे वडील सुतार. चाकं घडवायचे. लग्नात सगळ्यांनी हाच विनोद केला होता, सुताराचं चाक, लोहाराची धाव, जोडी जमली. मीही हसले होते. त्या विनोदात चाक कोण आणि आवळतं कोण, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

घरी सांगितलं ते

पहिला दिवस बरा गेला. पोरं आली होती. वाटेत थोडा चिखल होता.

झालं ते

पाटाला पाणी सुटलं होतं. कुणीतरी उसासाठी पाण्याचा दंड फोडून घेतला होता आणि तो भरून गाडीवाटेवर आला होता. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. वाट मधे, काळी आणि चकचकीत.

आमच्याकडची काळी माती ओली झाली की माती राहत नाही. ती चपलेला धरते, चप्पल पायाला धरते. म्हणून सगळेजण हँडलला बाभळीची काडी बांधून ठेवतात. चाकात चिखल भरला, की उतरायचं, काडीनं उकरायचं, पुढं जायचं. माझ्याही हँडलला काडी होती. मीच तासली होती.

वाट निम्मी झाली असेल. चाक जड झालं. मग खरखरलं. मग थांबलं.

उतरले. टायरच्या पुढं, जिथं पायडलमागच्या दोन्ही नळ्यांना जोडणारी एक आडवी नळी असते, तिथं चिखल गच्च बसला होता. मी काडी घातली. काडी जाईना. फटच नव्हती. टोक मोडून आत राहिलं. बोटानं उकरायला गेले तर नखात माती भरली आणि नखाएवढीच माती निघाली.

ढकलली. चाक फिरेना, नुसतं घसरत ओढलं गेलं आणि त्यानं पुढचा चिखल गोळा केला. मागं ओढली. तसंच. पिशवीत पाना होता, त्यानं मडगार्डचा खालचा नट काढला, मडगार्ड वर बांधलं. पाच-सहा पावलं गेली आणि परत थांबली. चाक मागं सरकवावं म्हणून ॲक्सलचे नट ढिले करून बघितले, तर चेन आधीच तारेसारखी ताणलेली. मागं जागा नव्हती.

मग खांद्यावर घेतली. चिखलानं ती दुप्पट जड झाली होती. पदर खांद्याखाली दुमडून घेतला तरी पायडल पाठीत रुतत होतं. थोडं चालले आणि माझ्याच चपला चिखलात राहिल्या. खाली ठेवली. मागं बघितलं, पुढं बघितलं. दोन्हीकडं तेवढीच वाट. वर उसाच्या पानांतून आभाळाची एक पट्टी दिसत होती, तीही त्या वाटेएवढीच.

मी तिथं उभी राहिले. नेमकं काय करायचं हेच सुचेना. चाक पुढं जात नाही, मागं जात नाही, टाकून जावं तर माझी एवढी एकच वस्तू त्या घरात माझी होती.

समोरून एक बैलगाडी आली. लाकडी चाकं, धाव चढवलेली, त्याच चिखलातून कुरकुरत पण बिनघोर येत होती. गाडीवानानं कासरा ओढला.

"काय बाई, जेवली का सायकल?"

"जेवली," मी म्हणाले. "आता उठंना."

"माळवस्तीला निघालाव का? मी तिकडूनच आलो. पोरं वाट बघून गेली की." आणि वाट अरुंद म्हणून मला सायकल उसात घालून त्याला जागा द्यावी लागली.

मी पोचले तेव्हा मदतनीस सागरबाई पातेलं घासत होती. पोरं खिचडी खाऊन घरी गेली होती. ओट्यावर सोळंकेबाई बसल्या होत्या. पहिला दिवस म्हणून त्या मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी माझ्या साडीकडं, पायांकडं, खांद्यावरच्या सायकलीकडं बघितलं.

"लोक सायकलीवर बसून येतात," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट बाई नव्हती ती.

"पांचाळबाई, आज पहिला दिवस म्हणून सोडते. गुरुवारी मी परत येणार आहे. अंगणवाडी वेळेवर उघडी दिसली नाही, तर त्या समोरच्या घरची सून घेते. तिचं शिक्षण कमी आहे, पण तिला सायकल लागत नाही."

सडक

मधेच सडकेचं सांगते, कारण ती आली म्हणूनच हे सगळं वर आलं. माळवस्तीची डांबरी सडक परवा झाली. सरपंचांनी मला नारळ फोडायला बोलावलं, सगळ्यांत जुनी सेविका म्हणून. पोरी स्कूटीवरून सुळकन पलीकडं गेल्या. चाकाला काही लागलं नाही.

लिंबाजीकाका असते तर म्हणाले असते, घाई केली सरकारनं.

मामाही नाहीत. सायकल आहे. दुकानात खुंटीला टांगलेली असते.

नवं पितळ

त्या पहिल्या दिवसानंतर, मंगळवारी सकाळी हौदाजवळ सायकल धुवायला घेतली. घागरीनं पाणी मारत होते, वाळलेला चिखल ढलप्यांनी सुटत होता. ती आडवी नळी मोकळी झाली आणि तिच्या दोन्ही टोकांना मला पिवळं दिसलं.

तडा तिथं नव्हता. तडा पुढं होता, उजव्या नळीला. तिथलं पितळ मला माहीत होतं, तिथपर्यंत मी भाता फिरवला होता. आडव्या नळीला काहीच झालेलं नव्हतं. मग तिला डाग कशाला?

मी ओल्या फडक्यानं पुसत पुढं गेले. पायडलच्या बाजूला, दोन्ही नळ्यांवर आतून, समोरासमोर एकेक ठिपका लागला. कानस मारून गुळगुळीत केलेला, वरून काळा रंग. रंग अजून नखाला लागत होता. दोन्ही ठिपक्यांच्या मधे पूर्वी काहीतरी जोडलेलं होतं.

त्या ठिपक्यापासून आडव्या नळीपर्यंत मी बोटं ठेवून बघितली.

ती नळी जागची काढली होती आणि चाकाच्या बाजूला सरकवून परत बसवली होती. इतकं सफाईनं, की चिखल लागला नसता तर जन्मभर कळलं नसतं.

आत गेले. आत्या चुलीपुढं होती.

"आत्या, त्या दिवशी डाग देताना मला तुम्ही हाक मारली व्हती का?"

"कवा?"

"लसूण सोलायला."

आत्यानं गुडघ्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"मारली असंल बाई. वय झालं. ध्यानात ऱ्हात न्हाई."

दोन बोटं

दुसऱ्या दिवशी बुधवार, टाकळीचा बाजार. आजूबाजूच्या वाड्यांवरून आलेली माणसं सायकली आमच्या दुकानासमोर लावायची, हवा भरून घ्यायची, दोन शब्द बोलायची. मामा घोळक्यात होते. लिंबाजीकाका खोडाला टेकून होते. मी माझी सायकल घेऊन तिथं गेले. डोक्यावरून पदर घेतला होता. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"मामा, ही आडवी नळी मागं कामून घेतली?"

मामा एका पोराच्या सायकलीची चेन बसवत होते. हात थांबला नाही.

"फट दिसत व्हती."

"ती फट लागती. चिखल निघाया."

"चिखलात जायाचं कशाला? सडकंनं जावं."

"माळवस्तीला सडक न्हाई."

"व्हईल की. मंजूर हाय म्हणत्यात."

"माझ्या लग्नापासनं मंजूर हाय," लिंबाजीकाका म्हणाले. बाजारातली माणसं हसली.

"पोरी," मामा मऊ आवाजात म्हणाले, "तुला समजत न्हाई त्यातलं. चाक हाय. चाकाला ढिलं काम चालत न्हाई. माझ्या बापानं धाव चढवली की..."

"इड्याचं पान जात नव्हतं," मी म्हणाले. "माझे वडीलच पान घेऊन यायचे, मामा. पर ते आजून एक सांगायचे. धाव घट्ट, आख सैल. चाकाला आखावर खेळ पायजे. दोन्ही घट्ट केलं तर ती गाडी न्हाई, बाज होती. बैल जुंपा न्हाई तर निजा."

लिंबाजीकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "निजा म्हणती! तुळशीराम, तू सुनंला बाज करून दिलीस रे!"

मामांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. माझ्याकडं नाही, लोकांकडं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी हसायलाच सुरुवात केली होती, ते नेहमीचं, सगळ्यांना सामावून घेणारं हसू, आणि ते पूर्ण झालं की हा विषय संपणार होता. मी घरात जाणार होते. उद्या गुरुवार होता.

"मामा," मी म्हणाले, "ही नळी कापू का?"

हसू अर्ध्यावर राहिलं.

मी परत विचारलं, जरा मोठ्यानं. "कापू का मी?"

आता उत्तराला दोनच शब्द होते, हो नाही तर नको. नको म्हणायचं तर ते बाजारासमोर, सगळ्या पंचक्रोशीसमोर म्हणावं लागणार होतं, आणि ज्या घरात सुनेला कुणी अडवत नाही त्या घराच्या मालकाला ते आयुष्यात पहिल्यांदा म्हणावं लागणार होतं. ते नको म्हणाले असते तर माझ्याकडं पुढचं काहीच नव्हतं.

मामांनी पोराच्या सायकलीचं पायडल एकदा फिरवलं. चेन नीट बसली होती.

"काप की," ते म्हणाले. "कोण नको म्हणतंय?"

आणि लगेच, "दुपारी बघू. गिऱ्हाईक होऊ दे."

"तुमी गिऱ्हाईक बघा. मीच कापते. ब्लेड कुठं हाय?"

ब्लेड लिंबाजीकाकांनी दिलं. ते रोज तिथं बसत होते, त्यांना दुकानातली जागा न् जागा माहीत होती. मी सायकल उलटी केली, चाक काढलं, फ्रेम शिकंज्यात आवळली. करवतीच्या दांड्यात ब्लेड लावलं आणि ओढायला लागले. ब्लेड नुसतं नळीवरून घसरत होतं. रंग निघाला, लोखंड निघेना. माणसं बघत होती. कुणीतरी म्हणालं, "बाईचं काम न्हाई ते." कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला आणि मला पुसायला हात मोकळा नव्हता.

मामा दुसऱ्या एका सायकलीत हवा भरत होते. पंप खाली, वर, खाली. माझ्याकडं पाठ होती. पण कान होते. माझी करवत किरकिरली, घसरली, परत किरकिरली. पंप थांबला.

"दातं उलटी लावलीस," ते पाठमोरेच म्हणाले.

मी तशीच ओढत राहिले.

"अगं, दातं पुढं पायजेत! ब्लेडाचा सत्यानास करशील." ते वळले, तरातरा आले, माझ्या हातातून करवत घेतली, ब्लेड सोडवलं, उलटवून ताणून लावलं, तार वाजवावी तसं बोटानं वाजवून बघितलं आणि करवत परत माझ्या हातात दिली. उलटं लावलेलं ब्लेड चालताना त्यांना ऐकवत नव्हतं. बस, एवढंच. त्यात दुसरं काही होतं असं मी आजही म्हणणार नाही.

मग ते कापलं. एक बाजू. दुसरी बाजू शेवटाला आली तेव्हा टणकन आवाज झाला, नळी खाली पडली, आणि मागच्या दोन्ही नळ्या बांधून ठेवलेलं काहीतरी सुटावं तशा किंचित बाजूला झाल्या. आवळूनच बसवली होती म्हणजे ती.

चाक लावलं. लिंबाजीकाका गुडघ्यावर हात ठेवून उठले, आले, दोन बोटं जोडून त्यांनी फटीत घातली. गेली.

"सुजलेली हायत बरं का," ते लोकांना म्हणाले.

मामांनी खाली पडलेली आडवी नळी उचलली. दोन्ही टोकं बघितली. डाग पक्का होता. कापली तिथंही पितळ सुटलं नव्हतं.

"फ्रेम हालंल आता," ते म्हणाले. "ताकद गेली तिची."

"हालू द्या," मी म्हणाले.

गुरुवार

दंड अजून फुटलेलाच होता. चिखल तोच, ऊस तोच, आभाळाची पट्टी तेवढीच. चाकात चिखल येत होता आणि मागून लचक्यालचक्यानं पडत होता. खालून सुटं झालेलं मडगार्ड मी सुतळीनं बांधलं होतं, ते वाजत होतं. एकदा उतरावं लागलं. काडी घातली, गेली, चिखल निघाला. फ्रेम हलत होती, मामा खरं बोलले होते. पायडल मारलं की मागचं चाक थोडं डुलायचं.

सोळंकेबाई आल्या तेव्हा पोरं गोल बसून टाळ्या वाजवत होती. त्या दारात उभ्या राहिल्या, माझ्या पायांकडं बघितलं. चिखल पोटऱ्यांपर्यंत होता.

"बसून आलीस?" त्यांनी विचारलं.

"बसून," मी म्हणाले.

संध्याकाळी घरी आले तर मामा दुकानापुढं बाजेवर बसलेले. सायकल भिंतीला लावली. ते उठले, वाकले आणि दोन बोटं फटीत घातली. आतला चिखलाचा गोळा काढला, हातात फिरवून बघितला, टाकला. परत घातली. डाग दिला होता तिथं, तड्याच्या जागी, अंगठ्यानं दाबून बघितलं. डाग धरून होता. आतून आत्याचा आवाज आला, पीठ संपलं का बघा म्हणून.

"चांगलं झालं," मामा म्हणाले. आवाज मऊ होता. "उद्यापासनं जरा लवकर येत जा. आत्याला भाकरी थापवत न्हाईत आता. न्हाई तर पोरांचं त्या सागरबाईला बघू दे. तुझं नाव तर लागलंच हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. म्हातारा थकलेला होता. दोन बोटं चिखलानं काळी झाली होती आणि ती त्यानं हवेत तशीच धरून ठेवली होती. भांडायला याही वेळी समोर कुणी नव्हतं.

"येते की," मी म्हणाले. "कोण नको म्हणतंय? पाटाच्या पाण्याची पाळी तेवढी संपू दे."

मामांनी हात पुसायला फडकं शोधलं. ते माझ्याच खांद्यावर होतं. मी दिलं आणि आत जाऊन परात ओढली. भाकरी कुणीतरी थापायच्याच होत्या.

पाटाची पाळी नंतर संपली. मग उसाच्या गाड्या सुरू झाल्या, मग शाळा भरायच्या झाल्या. मी रोज येते की म्हणाले आणि रोज माझ्याच वेळेला आले.